उपवासाच्या नूडल्स

अवधूतने फलकावरच्या एक नंबरच्या फोटोवर बोट ठेवलं, तेव्हा मला वाटलं त्याचं बोट घसरलं. एक नंबर म्हणजे गव्हाच्या थंड नूडल्स. आणि त्या दिवशी संकष्टी होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर माणसं म्हणतील, नूडल्सवरून कोणी मैत्री तोडतं का.

अवधूत चिंचवडचा, मी नागपूरचा. मास्टर्सपासून पिस्कॅटवे नावाच्या अमेरिकी गावात एकाच घरात राहतो. दोघांच्या नोकऱ्या वेगळ्या, मालक वेगळे, पण काळजी एकच: व्हिसाची लॉटरी. दरवर्षी मार्चमध्ये कंपनी आपलं नाव टाकते आणि एक कॉम्प्युटर ठरवतो की आपण या देशाला हवे आहोत की नाही. दोघांची ही शेवटची खेप होती. म्हणून दोघं मिळून नवस बोललो, की काम होईपर्यंत दर संकष्टीला उपवास. मी त्याआधी आयुष्यात एकदाच उपवास केला होता, तोही कावीळ झाली म्हणून.

मार्चअखेर निकाल आला. माझं नाव नव्हतं. अवधूत म्हणाला, त्याचंही नाही. आम्ही दोघांनी मिळून एक अख्खा केक खाल्ला आणि ठरवलं, की उन्हाळ्यात कधीकधी दुसरी फेरी काढतात, तोवर उपवास चालू ठेवायचा.

प्रश्न होता खायचं काय. साबुदाणा अवधूतला भिजवता येत नाही. त्याची खिचडी एकदा कढईसकट फेकावी लागली होती. तेव्हा या फूड कोर्टचा शोध लागला. एका चायनीज सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, जिवंत खेकड्यांच्या टाक्यांच्या पलीकडे. एका गाळ्यात काडीला टोचलेलं मटण भाजतात, एकात अंड्याचं धिरडं घालतात, एकात असं टोफू तळतात की वासाने डोळ्यांत पाणी यावं. आणि कोपऱ्यात एक चिनी मावशी थंड नूडल्स विकतात. त्यांच्या गव्हाच्या नूडल्स मी पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा मला घरचा चीक आठवला. गहू भिजवून, चीक काढून, आमची आई कुरड्या घालते, तोच प्रकार. फक्त कुरडई उन्हात जाते आणि ही तिखट तेलात.

पण सात नंबरवर वेगळ्या नूडल्स होत्या. पारदर्शक, करड्या. मी पाकिटाचा फोटो काढून भाषांतर करून बघितलं. शंभर टक्के रताळं.

अवधूत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. वर शेंगदाण्याचा कूट होता. काकडी होती. लाल मिरची होती. चिनी माणसाने आपल्या नकळत उपवासाचा पदार्थ केला होता.

लगेच अवधूतच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. वीणाकाकू उपवासाच्या बाबतीत सुप्रीम कोर्ट आहेत. त्यांनी वाडगा सगळ्या बाजूंनी दाखवायला लावला आणि एकेक निकाल दिला. रताळं चालेल. काकडी, दाणे, मिरची चालेल. सोया सॉस म्हणजे सोयाबीन, म्हणजे कडधान्य, नको. व्हिनेगर तांदळाचं, नको, लिंबू पिळा. लसूण तर विचारूच नका. ते चिनी मिरे हातावर घेऊन कॅमेऱ्यासमोर धरल्यावर काकू म्हणाल्या, हे तर त्रिफळं दिसतात, कोकणात बांगड्यात घालतात, अजिबात नको. कोथिंबिरीवर मात्र काकूंचं आणि माझ्या आईचं जमलं नाही. काकूंकडे चालते, आमच्याकडे नाही. म्हणून अवधूतच्या वाडग्यात कोथिंबीर असायची, माझ्या नाही.

मावशींना हे समजावून सांगणं अवघड होतं. सोया नाही, व्हिनेगर नाही, लसूण नाही, मिरे नाहीत. महिन्यातून एकदा दोन तरुण येतात आणि चव येईल असं सगळं काढून टाकायला सांगतात. त्यांनी आपल्या परीने निष्कर्ष काढला, की दोघांना एकच आजार आहे आणि तो गंभीर आहे. त्या आम्हाला मूठभर दाणे जास्त घालायच्या. आम्हीही कधी खुलासा केला नाही. गणपती, चंद्र आणि इमिग्रेशन हे तिन्ही फोनवरच्या भाषांतरातून सांगणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं.

तर तिथे, त्या गाळ्यापुढे, अवधूतने एक नंबरवर बोट ठेवलं. वर मावशींना खुणेने सांगितलं, सगळं घाला. लसूणसुद्धा.

मी त्याला म्हटलं, "आज चतुर्थी आहे बे."

"माहितीये," तो म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उजळला. फोनमध्ये त्या काहीतरी बोलल्या आणि फोन इंग्रजीत म्हणाला, अभिनंदन, तुमचा मित्र बरा झाला. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. तुम्हीही व्हाल, असा अर्थ असावा.

आम्ही टेबलावर जाऊन बसलो. अवधूत कागदी नॅपकिनच्या घड्या घालत होता. मी विचारलं, नक्की कशातून बरा झालास. तो म्हणाला, आधी खाऊन घेऊ. मी म्हटलं, आधी सांग. मग त्याने घडी घातलेला नॅपकिन उघडला आणि परत घातला.

"लॉटरीत पिक झालोय मी," तो म्हणाला. "मार्चमध्येच."

फूड कोर्टात शनिवारची गर्दी होती. बाजूच्या टेबलावर एक आजोबा नातवाला काडीवरचं मटण कसं ओढायचं ते शिकवत होते. मी काही वेळ तेच बघत बसलो. मला ते जमेल असं वाटायला लागलं.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर येऊन बसली. केक. तो केक त्याने निवडला होता. मी रडत खाल्ला होता आणि तो, आता कळत होतं, सेलिब्रेट करत होता. एकाच केकवर.

मी विचारलं, मग इतके महिने माझ्याबरोबर रताळं का खात होतास. तो म्हणाला, तुला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, मग आज अचानक मला वाईट वाटावं असं का वाटलं. तेव्हा त्याने सांगितलं, की गेल्या रविवारी काकूंनी चिंचवडला त्याच्या नवसाचं उद्यापन केलं. एकवीस मोदक, ब्राह्मण, सगळं. आणि उद्यापन झाल्यावर खोटा उपवास करत राहणं म्हणजे देवाला फसवणं, असं काकूंनी त्याला बजावलं.

गणपतीला फसवायचं नाही, हे त्याच्या मनात एकदम पक्कं होतं. मी गणपती नव्हतो.

इथपर्यंत ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतंच, पण मला सहन झालं असतं. मित्र खोटं बोलतात. मीही त्याच्या खिचडीला चांगली म्हटलेलं आहे. पण मध्ये मे महिना होता.

मे महिन्यात माझ्या मॅनेजरने, हिमानीने, मला बोलावून विचारलं होतं, की व्हँकुव्हरच्या ऑफिसात जागा आहे, जातोस का. कॅनडाला लॉटरी लागत नाही. हिवाळ्यात माझं इथलं परमिट संपतं, त्याआधी तिकडे गेलो असतो तर नोकरी टिकली असती, पगार टिकला असता, आईचा रक्तदाबही टिकला असता. मी घरी येऊन अवधूतला विचारलं. तो सोफ्यावर आडवा होता. उठून बसला आणि म्हणाला, जाऊ नको यार. दुसरी फेरी येईल. नाही आली तर दोघं मिळून परत जाऊ आणि गाडी टाकू.

गाडी म्हणजे खाण्याची गाडी. उपवासाचं चायनीज. ही कल्पना आम्हाला दोघांनाही एकाच क्षणी सुचली होती, निदान मला तसं वाटत होतं. पुण्यात टाकायची की नागपूरला, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. त्याने लोगोसुद्धा काढला, सोंडेत चॉपस्टिक्स धरलेला गणपती. काकूंना दाखवला, काकू म्हणाल्या, सोंड उजवी नको. त्याने डावी केली. पिक झालेला माणूस रात्रभर बसून सोंड डावी करत होता.

आणि मी हिमानीला नाही म्हणून कळवलं.

मी त्याला म्हटलं, "तुला माहीत होतं तू येणार नाहीस."

त्याने नॅपकिनची आणखी एक घडी घातली.

"मग मला का अडवलंस?"

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. तो उठला नाही, मीही नाही. परत पुकारला. शेवटी मावशीच दोन्ही वाडगे एका ट्रेमध्ये घेऊन टेबलाशी आल्या. माझ्या वाडग्यात दाण्यांचा डोंगर होता. त्याच्या वाडग्यात तेल, लसूण, मिरे, तीळ, व्हिनेगर, सगळं लालभडक चमकत होतं. मावशी गेल्या.

अवधूत वाडग्यात बघत म्हणाला, "तू गेला असतास तर मी कोणाबरोबर राहिलो असतो?"

मला या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्याने पैशांचं किंवा लीजचं कारण दिलं असतं तर मला मस्त शिव्या देता आल्या असत्या. शिव्या तयार होत्या, वऱ्हाडी होत्या. पण या माणसाने माझं पुढचं आयुष्य अडवून धरलं होतं ते त्याला संध्याकाळी एकट्याने जेवायला आवडत नाही म्हणून. कोणी आपल्याला असं वापरलं तर राग यायचा की लाज वाटायची, हे मला ठरवता येईना. दोन्ही आलं.

त्याने घाईघाईने तोडगा काढला. पुढच्या महिन्यापासून तो परत उपवास धरणार, स्वतःच्या नावाने नाही, माझ्या नावाने. दुसऱ्यासाठी चालतो का ते आईला विचारतो म्हणाला, आणि मी थांबवायच्या आत त्याने कॉल लावलासुद्धा. चिंचवडला तेव्हा रात्र होती. काकू गॅलरीत उभ्या होत्या, चंद्राची वाट बघत. आभाळ भरलेलं होतं. पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा आणि बराचसा कपड्यांचा दांडा दिसत होता.

मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"कुश, फराळ झाला का रे?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

काकू दांड्यावरच्या टॉवेलकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "मीच म्हटलं त्याला, इतक्यात सांगू नको. तुझा धीर सुटला असता, बाळा. उपवास अर्धवट सोडला असतास तू."

मे महिन्यातलं त्यांना माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. माहीत नसतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि असतं तर मला. मी म्हटलं, काकू, चंद्र दिसला की जेवून घ्या, आणि फोन त्याला परत दिला. दुसऱ्याच्या नावाच्या उपवासाचा निकाल राहूनच गेला.

अवधूतने त्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला. "हा खा," तो म्हणाला. "कशाला उपाशी मरतोस आता."

मला तो खायचा होता. सूड म्हणून नव्हे, भूक म्हणून. लसणाचा वास थेट नाकात शिरत होता आणि त्या जाड, मऊ, चिकाच्या पट्ट्या तेलात लोळत होत्या. इतका दगा झाल्यावर माणूस निदान पोटभर तरी खातो. पण दुसरी फेरी अजून निघायची होती. अवधूतला गणपतीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, तो काहीही खाऊ शकत होता. माझी फाइल वर तशीच पडून होती. तोंडावर फेकून मारावं इतका राग आला असताना मला काय खायचं नाही याचा हिशेब करावा लागत होता. हा सगळ्यांत मोठा अपमान होता, आणि त्यात अवधूतचा काही दोष नव्हता, म्हणून त्याचाही राग मी त्याच्यावरच काढला.

मी माझा वाडगा उचलला आणि जाऊन धिरड्याच्या गाळ्यापुढच्या टेबलावर एकटा बसलो. रताळ्याच्या नूडल्स गिळल्या. गिळता गिळता एका हाताने हिमानीला मेल लिहिला. शनिवारी त्रास देतोय, सॉरी, मे महिन्यातल्या त्या जागेचं काही होऊ शकतं का, माझ्या परिस्थितीत थोडा बदल झाला आहे. परिस्थितीत बदल हा शब्दप्रयोग मला आवडला. परिस्थिती दोन टेबलं सोडून बसली होती आणि खात नव्हती.

मग एक अडचण लक्षात आली. गाडी त्याची होती, खरीखुरी, चार चाकांची. मला घरी जायला दुसरं साधन नव्हतं. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि तो रस्ता असा, की त्यावर फुटपाथ काढायचं कोणाच्या मनातच आलेलं नाही. मी पार्किंगमध्ये जाऊन त्याच्या गाडीशेजारी तुसडेपणाने उभा राहिलो. थोड्या वेळाने तो आला. त्याने लॉक उघडलं. मी मागचं दार उघडून मागे बसलो, किराणा सामान ठेवतो तिथे.

"पुढे ये ना यार," तो म्हणाला.

मी सीटबेल्ट लावला.

त्याने आरसा जरा खाली केला, म्हणजे त्यात मी दिसेन, आणि गाडी काढली. सिग्नलला माझ्या फोनवर मेल आल्याचा आवाज झाला. हिमानी होती. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्या जागेवर ज्याला पाठवायचं होतं त्याने ऐन वेळी नकार दिला आहे, तुझं नाव मी सोमवारी पुढे पाठवते, पण या वेळी पक्कं असेल तरच हो म्हण. मी हो लिहिलं. दुसऱ्यांदा वाचलंही नाही.

"कोणाचा मेल?" अवधूतने आरशातून विचारलं. त्याचे डोळे लाल झाले होते, लसणाने नक्कीच नव्हे, कारण त्याचा वाडगा तो तसाच टाकून आला होता.

मला त्याला सांगावंसं वाटलं. गेली काही वर्षं मला काहीही कळलं की मी ते आधी त्याला सांगत होतो.

"जाहिरात आहे," मी म्हटलं, आणि फोन खिशात ठेवला.