हंजूचं दूध

सुई टोचली की सांडणीचं दूध आटतं, ही आमच्याकडच्या उंट पाळणाऱ्या जतांची समजूत इतकी पक्की, की पहिले चार महिने डॉक्टर भार्गवीबेनना रक्ताचा एक थेंब मिळाला नाही. त्या भुजच्या प्रयोगशाळेतून यायच्या, बर्फाची पेटी घेऊन. संध्याकाळी तीच पेटी रिकामी घेऊन परत जायच्या. त्यांचं काम उंटांच्या दुधावर होतं. दूध आता गाडीनं शहरात जायला लागलं होतं, तेव्हा त्यात कुठले जंतू असतात, कुठले नसतात, हे एकदा नीट बघायचं होतं. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. या खाडीकाठच्या वांढींवर, जतांच्या वस्त्यांवर, सव्वीस वर्षं सायकल, मग मोटरसायकल घेऊन फिरलेला. शेवटी बेन मला म्हणाल्या, "खेतशीभाई, माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

मी नूरमामद जताकडे गेलो. गवताच्या सात घरांची त्याची वांढ, आणि छत्तीस उंटांचा कळप. सगळे खाडीत पोहून पलीकडच्या तिवरांत चरायला जाणारे. नूरमामदनं हो म्हटलं तर बाकीचे आपोआप येतील, हे मला माहीत होतं.

"काका, काही होत नाही," मी म्हणालो. "माझा शब्द."

"तुझा शब्द म्हणजे लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"मग ठीक आहे. लेखी असता तर विश्वास ठेवला नसता."

अशी सुरुवात झाली. पंधरा दिवसांत दोनशे बारा उंटांचं रक्त आलं. प्रत्येक नळीवर नंबर मी माझ्या हातानं घातला.

माघ संपत आला होता. एका सकाळी बेनचा फोन आला. बाकीच्या दोनशे अकरा नळ्यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "एकतीस नंबर कुणाची?"

वही उघडायची गरज नव्हती. एकतीस नंबर म्हणजे हंजू. नूरमामदच्या कळपातली सगळ्यात पुढे चालणारी सांडणी.

मी भुजला गेलो. बेननं माझ्यासमोर पुन्हा करून दाखवलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्याच्या शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब. दोन्ही काडीनं एकत्र केले आणि फरशी हातात धरून हळूहळू डोलवत राहिल्या. तीसचा थेंब गुलाबी सरबतासारखा एकसंध राहिला. एकतीसचा मात्र फुटला. त्यात रव्यासारखे कण दिसायला लागले.

"ब्रुसेला असावा," त्या म्हणाल्या. "असावा म्हणतेय, आहे म्हणत नाही. पण असला, तर तो कच्च्या दुधातून माणसात येतो. महिनोन् महिने ताप, सांधे धरतात. बायकांना दिवस गेलेले असले तर..." त्या थांबल्या. "त्यांच्या घरात कोणी आहे?"

घरात रेमत होती. नूरमामदची सून, सहावा महिना. मागल्या खेपेला चौथ्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. म्हणून या वेळी सासूनं तिच्यासाठी हंजूचं दूध राखून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ मोठा वाडगाभर, कासेतून काढलं की तसंच, फेसासकट.

हे मी सांगितलं. बेन पेटीत बर्फ भरायला लागल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा नूरमामद खाडीकडून येत होता. लांबूनच ओरडला, "या या! दूध आटलं नाही हं तुमच्या सुईनं!" मग आमचे चेहरे त्याला दिसले.

बेननं फिरवाफिरव केली नाही. खाटेवर बसून सगळं सरळ सांगितलं. काय दिसलं, त्याचा अर्थ काय असू शकतो, काय अजून ठाऊक नाही. नूरमामद ऐकत होता, पण बघत माझ्याकडे होता.

"खेतशी," तो म्हणाला, "तू म्हणाला होतास, काही होत नाही."

"सुईनं काही झालं नाही, काका."

"सुई नसती आली तर कळलंही नसतं."

"कळलं नसतं म्हणजे नसतं का?" बेन म्हणाल्या.

एवढ्यात घराच्या दारातून हूरबाई काकी, नूरमामदची बायको, पुढे आली. आमच्यासमोर ती एरवी फारसं बोलत नसे. "बेन," ती म्हणाली, "रेमतला पाच दिवस झाले, संध्याकाळी ताप भरतो. मी म्हटलं, उन्हानं असेल."

बेननं पेटी उचलली. पलीकडे एक पिल्लू आईच्या नावानं ओरडत होतं.

रेमत आत भिंतीला टेकून बसली होती. बेन तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. रक्त घेताना रेमतनं एवढंच विचारलं, "बाळ हलतंय. म्हणजे बरं आहे ना?"

"हलतंय हे चांगलंच आहे," बेन म्हणाल्या. "बाकीचं मला शोधू दे. आणि आपण आत्ता दवाखान्यात जायचं, गाडी आहेच."

हंजूचं रक्त पुन्हा घेतलं, दूधही घेतलं. नियम ठरले. हंजू कळपापासून वेगळी बांधायची. तिचं दूध कोणी प्यायचं नाही, तिच्या पिल्लाखेरीज कुणाला द्यायचं नाही. आणि बाकीच्या सांडण्यांचं दूधही निकाल येईपर्यंत उकळूनच.

यावर काकी उसळली. "सांडणीचं दूध चुलीवर चढवलं की तिची कास सुकते. माझ्या सासूनं कधी उकळलं नाही, तिच्या सासूनं नाही."

"काकी," मी म्हणालो, "सुईनंही आटणार होतं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीत जाऊन बसलो.

तालुक्याच्या दवाखान्यात रेमतला लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. गरोदरपणात होतो तसा. गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी भुजहून फोन आला. रेमतच्या रक्ताचा थेंब एकसंध राहिला होता, कण नव्हते. चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला. मी हे सांगायला वांढीवर गेलो, तेव्हा काकीनं पहिल्यांदा मला चहा दिला. उकळलेल्या दुधाचा.

पण बेन सुटकेचा अर्धाच श्वास सोडायला तयार होत्या. "संसर्ग अगदी नवा असला तर पहिल्या वेळी रक्तात दिसत नाही. पंधरा दिवसांनी परत बघू. आणि हंजूच्या दुधात जंतू वाढतात का, ते बघायला ते उबदार पेटीत ठेवलंय. हा जंतू फार आळशी असतो. एकवीस दिवस वाट बघावी लागेल."

ते एकवीस दिवस वांढीवर फार वाईट गेले. हंजू बांधलेली दिसली तशी गोष्ट फुटली. आम्ही कुणाला नाव सांगितलं नव्हतं, पण दोरी सगळं सांगत होती. शेजारच्या वांढीवरचे लोक नूरमामदच्या घरी पाणी प्यायचेही थांबले. त्यातून कळप खाडीत उतरेना. सव्वीस वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. छत्तीसातले पस्तीस उंट काठावर येऊन उभे, मान वळवून मागे बघणारे. आणि मागे खुंट्याला बांधलेली हंजू त्यांना हाका मारतेय. नूरमामद आणि त्याचा मुलगा, रेमतचा नवरा आदम पाण्यात छातीपर्यंत उतरून एकेकाला ओढत होते.

एक दिवस मी वांढीवर होतो तेव्हा नूरमामदचा चुलतभाऊ आला. खाटेवर बसून हळूच म्हणाला, "इतकं कशाला? पलीकडच्या जिल्ह्यात नेऊन विक. तिथं कोण ओळखतं हंजूला? तरणी आहे, दुभती आहे. एका दिवसात जाईल."

"आणि तिचं दूध?" नूरमामद म्हणाला.

"ते ज्याचं तो बघेल."

"त्याच्याही घरी सून असेल."

"अरे, पण अजून नक्की कुठं आहे, रोग आहे म्हणून?"

"नक्की नाही म्हणूनच बांधलीय. नक्की नाही म्हणून विकू?" नूरमामद उठला. "चहा पी आणि जा. उकळलेला आहे, घाबरू नकोस."

त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. कारण मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. रक्त घेतलं त्या दिवशी मीही हंजूचं कच्चं दूध प्यायलो होतो. नूरमामदनं वाडगा पुढे केला, आणि नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. आता रोज संध्याकाळी पाच वाजले की मी खिशातला थर्मामीटर काढून काखेत धरत होतो. दवाखान्यातला, जनावरांचा. धुऊन घ्यायचो, पण बायकोला कळलं असतं तर तिनं घराबाहेर काढलं असतं. गुडघा जरा दुखला तरी वाटायचं, आला ब्रुसेला. गुडघा गेली सहा वर्षं दुखत होता, ते विसरून जायचो.

पंधराव्या दिवशी रेमतचं रक्त पुन्हा तपासलं. पुन्हा साफ.

बाविसाव्या दिवशी फोन येईल म्हणून मी सकाळपासून बसून होतो. फोन आला नाही. दुपारी दवाखान्याच्या दारात गाडीच थांबली आणि बेन उतरल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"चला वांढीवर," त्या म्हणाल्या.

"बेन, आधी मला सांगा."

"हंजूच्या दुधात काही वाढलं नाही. एकवीस दिवसांत काही नाही. दूध बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेतही पाठवलं होतं, जंतूची जनुकं शोधायला. तिथंही काही नाही. परवा तुम्ही पाठवलेल्या तिच्या रक्तात कणसुद्धा जेमतेम राहिलेत." त्या गाडीला टेकल्या. "नाहीये, खेतशीभाई. तिला नाहीये."

मी दाराच्या पायरीवर बसलो.

गाडीत मी विचारलं, "मग तुम्ही फोन का नाही केला?"

"फोनवर मला रडू आलं असतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा रक्त घेतलं त्या दिवशी हंजूचं दूध मीही प्यायले होते. तुम्ही पिल्लाला धरायला गेला होतात तेव्हा. मी, ब्रुसेलावर काम करणारी! काकींनी वाडगा हातात दिला आणि मला नाही म्हणवेना. रेमतबरोबर दोन्ही वेळा मी माझंही रक्त तपासलं."

मी खिशातून थर्मामीटर काढून दाखवला. कुठला आहे तेही सांगितलं. बेनना इतकं हसू आलं की गाडी बाजूला थांबवावी लागली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, पण तो काखेत धरायचा नसतो ना!"

वांढीवर सगळे जमले. बेननं समजावलं, की हंजूच्या पोटात दुसराच एक साधा जंतू येऊन गेला असणार. त्याचं वरचं रूप ब्रुसेलासारखं असतं, म्हणून रक्तानं त्याच्याविरुद्ध जे तयार केलं ते पहिल्या चाचणीला ब्रुसेलाचंच वाटलं. "पहिली चाचणी मुद्दाम संशयी ठेवलेली असते. खरा चोर सुटू नये म्हणून दहा साव धरते. मग दुसरी चाचणी बसून न्याय करते."

"म्हणजे पहिली चाचणी सासू," आदम म्हणाला.

"सासूनं संशय घेतला म्हणून सून दवाखान्यात गेली," काकीनं लगेच सुनावलं. "नाहीतर तुझ्या हातात होतं का ते?"

रेमत ओढणीत तोंड लपवून हसली.

नूरमामद तेवढ्यात उठला आणि हंजूकडे गेला. दोरीची गाठ बावीस दिवसांत इतकी आवळली होती, की त्याला सुटेना. शेवटी त्यानं कोयत्यानं दोरी कापली. हंजू क्षणभर तशीच उभी राहिली. मग मान झटकून, पिल्लाला मागे घेऊन, रमतगमत खाडीकडे निघाली. काठावर बसलेले उंट एकामागून एक उठले. भरतीचं पाणी चढत होतं. ती थेट आत शिरली, आणि थोड्याच वेळात पाण्यावर फक्त माना दिसत होत्या.

नूरमामद काठावरून ते बघत कितीतरी वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याची दाढी ओली होती, खाडीच्या पाण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

"बेन," तो म्हणाला, "आता दूध कच्चं प्यायचं?"

सगळे बेनकडे बघायला लागले. त्यांना हो म्हणता आलं असतं. त्या दिवशी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी वांढीनं मानलं असतं.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "हंजूला हा रोग आज नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि दुधात येणारा हा एकटाच जंतू नाही. रेमतला तर उकळूनच द्या. एक उकळी पुरे."

मला वाटलं, आता काकी बिथरणार. पण ती म्हणाली, "बावीस दिवस उकळतेय. एकीचीही कास सुकली नाही. रोज हात लावून बघत होते." मग जरा रागानंच पुढे म्हणाली, "पण चव जाते. ते तुमच्या यंत्राला कळणार नाही."

"चव जाते, हे खरं," बेन म्हणाल्या. "वहीत लिहून घेते."

आणि त्यांनी खरोखरच वही काढली. काकी शेजारी बसून सांगायला लागली. कुठल्या महिन्याचं दूध कसं लागतं, तिवर खाल्लेल्या सांडणीचं खारट कसं येतं, किती उकळलं की कसला वास जातो. बेन भराभरा लिहीत होत्या. ऊन कलत आलं तरी दोघींचं संपेना. मी खाटेवर आडवा झालो आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.