दोन दिवसांचा बर्फ

'पिकअप' या गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी सरस निघाला, असं जो तो म्हणत होता आणि तो बनवणारी मुग्धा मात्र ते ऐकून दिवसेंदिवस सुकत चालली होती. आता बाई, कौतुक होतंय तर दोन घास जास्त जेवावेत की नाही? पण नाही. दुबईतल्या ऊद मेथाच्या हॉलमध्ये मराठी मंडळींनी तिला शाल घातली तेव्हा ही स्टेजवर अशी उभी होती, जणू शाल दुसऱ्याच कुणाची आहे आणि आता मालक मागायला येईल.

गेम तसा साधा. मोबाईलवर खेळायचा. आपली एक छोटी पिकअप गाडी, तिच्यात मासे, भाज्या, मसाले भरायचे आणि दुबई, शारजा, अजमानच्या दुकानांत पोचवायचे. हळूहळू स्वतःची दुकानं घ्यायची. मजा अशी की गेम खऱ्या कॅलेंडरवर चालायचा. बाहेर रविवार तर आतही रविवार, सुट्टीच्या दिवशी बाजार बंद. माल बर्फात ठेवायचा, आणि बर्फ संपायच्या आत विकायचा. पहिल्या भागात माल एकदा सडला की लायसन्स रद्द. खलास. सहा महिने खपून उभं केलेलं दुकान गेलं, पुन्हा रिकाम्या गाडीपासून सुरुवात.

हा पहिला भाग गुणवंत सरांनी बनवला होता. पन्नाशीचा माणूस, मूळचा पुण्याचा, राहायला शारजाला रोल्लामध्ये. मुग्धाला या धंद्यात त्यांनीच आणलं, कोड कसा लिहायचा, कसा तपासायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी त्यांची गेली, खुर्ची मुग्धाला मिळाली.

का गेली, ते सांगते. बावीस सालच्या जानेवारीत इथली आठवड्याची सुट्टी बदलली. पूर्वी सगळीकडे शुक्रवार-शनिवार असायची. ती दुबईत शनिवार-रविवार झाली, आणि शारजाने आपली वेगळीच, शुक्रवार धरून तीन दिवसांची केली. साहजिकच गेममध्येही बदलायला हवी. बाजार कधी बंद, हे गुणवंत सरांनी स्वतः बदललं. बर्फ किती दिवस टिकतो, ती फाईल मुग्धाकडे दिली, आणि दोनदा बजावलं की शारजाला तीन दिवस टाक, बाकीकडे दोन. मुग्धा 'हो सर, केलंय' म्हणाली. गुरुवारी दुपारी सरांनी सगळं एकत्र करून गेम सर्व्हरवर चढवला आणि शारजाच्या ट्रॅफिकच्या आत घरी पोचायचं म्हणून लवकर निघाले.

सोमवारी सकाळी शारजाच्या झाडून सगळ्या खेळाडूंचा माल सडलेला. बाजार तीन दिवस बंद आणि बर्फ दोनच दिवसांचा. हजारो माणसांची दुकानं एका झटक्यात गेली. लोकांनी कंपनीला अशा शिव्या घातल्या की मालक फहद आठवडाभर फोन उचलेना. मीटिंगमध्ये सर स्वतः उभे राहिले आणि म्हणाले की माझ्याकडे एकाच नावाच्या दोन फाईली होत्या, मुग्धाने नवी दिली होती, घाईत मीच जुनी चढवली असणार. झालं, खापर फुटलं. तीस दिवसांची नोटीस मिळाली.

तेव्हा मुग्धालाही तसंच वाटलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण आठवड्याने तिने आपले जुने मेल उघडून पाहिले. तिने शारजाचा आकडा तीन केलाच नव्हता. दुबईत राहणारी बाई, घरातली सुट्टी दोन दिवसांची, हाताने सवयीने सगळीकडे दोन लिहिलं आणि पाठवून दिलं. सरांनी तिचीच फाईल चढवली होती. चूक तिची होती.

मग बोलायचं ना? नाही बोलली. त्याच महिन्यात नवऱ्याची, निखिलची, नोकरी गेली होती. अख्खं घर तिच्या नोकरीच्या व्हिसावर या देशात होतं, लेक नुकती शाळेत रुळली होती. आज बोलू, उद्या बोलू करत ती तीस दिवस गप्प राहिली, आणि त्या तीस दिवसांत सर रोज तिच्या शेजारी बसून तिला पुढचं काम समजावून देत राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी तिला स्वतःचा चहाचा मग देऊ केला. तो मात्र तिने घेतला नाही. एवढी लाज शिल्लक होती म्हणायची.

पुढे निखिलला नोकरी लागली, सगळं सुरळीत झालं, तरी बोलणं काही झालं नाही. त्याऐवजी तिने दुसरा भाग बनवला. आता ऐका, लोक ज्या गोष्टींसाठी दुसरा भाग डोक्यावर घेऊन नाचत होते, त्या सगळ्या हिच्या मनाच्या टोचणीतून आलेल्या. नव्या गेममध्ये माल सडला तर एक दिवस वाया जातो, दुकान जात नाही. तुम्ही चार दिवस गेम उघडला नाहीत, तर शेजारचा दुकानदार तुमचे मासे स्वतःच्या फ्रीझरमध्ये टाकतो. परत आलात की त्याची एक खेप मारून द्यायची, बस. सगळ्यांना हा शेजारी फार आवडला. कुणी लिहिलं की असा दयाळू गेम आजवर खेळलो नाही. मुग्धाने ते वाचलं आणि मोबाईल उलटा करून ठेवला.

अशात गुणवंत सरांचा फोन आला. तीन वर्षं ती त्यांना दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे टाळत होती. सर म्हणाले, दुसरा भाग पूर्ण खेळून झाला, रविवारी जेवायला ये, बोलायचंय. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती गेली.

घर होतं तसंच होतं, सर मात्र एकदम म्हातारे दिसायला लागले होते. आता ते मेहुण्याच्या मसाल्याच्या गोदामात, दुबईत रास अल खोरला, कुठलं पोतं आलं नि कुठलं गेलं याच्या नोंदी ठेवत. त्यांच्या बायकोने, सवितावहिनींनी, सुरमई तळली होती. त्यांची तेरा वर्षांची लेक शिवानी ताटाशेजारी फोन ठेवून 'पिकअप'च खेळत होती. मुग्धाने विचारलं कसा वाटला, तर मान वर न करता म्हणाली, "दिस वन इज सो मच बेटर, आंटी. द ओल्ड वन वॉज मीन."

आपला गेम दुष्ट होता हे ऐकून सर हसले. रागावले नाहीत, उलट खुलले. जेवता जेवता त्यांनी दुसऱ्या भागाची अशी काही चिरफाड केली की मुग्धाला जुने दिवस आठवले. म्हणाले, माझे दुकानदार तीनच वाक्यं घोकायचे, तुझे माणसं ओळखतात, मागच्या वेळी कोथिंबीर शिळी आणलीस म्हणून टोमणा मारतात. माझी गाडी वळताना बैलगाडी वाटायची, तुझी पाण्यासारखी वळते. माझ्या गेममध्ये माणूस एकटा, तुझ्यात दोघं मिळून एक दुकान चालवतात, मी आणि शिवानी चालवतो. एक दोष पण काढला: अजमानचा रस्ता फार सोपा केलाय, जरा त्रास दे. मुग्धा मान खाली घालून भात कालवत होती.

मग सर शेजाऱ्यावर आले. "हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "मी माणसाला नुसती शिक्षा करत बसलो. तू त्याला सांभाळून घेतलंस. माझी चूक तू निस्तरलीस, मुग्धा." आणि लेकीकडे वळून सांगू लागले, बघ शिवानी, बाबाने चूक केली, पण लपवली नाही, म्हणून आज कुणीतरी ती सुधारू शकलं.

वहिनी वाढता वाढता म्हणाल्या की लपवली नाहीत हो, पण जिवाला लावून घेतलीत. मग मुग्धाला सांगायला लागल्या. गॅस बंद केला का, तीनदा पाहतात. कुलूप तीनदा ओढतात. गोदामात एकच यादी तीन वेळा तपासतात, पोरं मागे हसतात. आणि आता अबू धाबीच्या एका कंपनीने गेम बनवायला बोलावलंय, चांगलं मोठं काम, तर हे नाही म्हणतायत.

"परत कुणाची सहा महिन्यांची मेहनत घालवू का?" सर म्हणाले. "माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही."

वहिनी ताटं उचलून आत गेल्या, शिवानी फोन घेऊन आपल्या खोलीत. मुग्धाने हात धुतले, आली, आणि बसली नाही. आता नाही बोलले तर हा माणूस हे काम सोडणार आणि तेही माझ्यापायी, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ती बोलली.

"सर, फाईल तुम्ही बरोबर चढवली होती. मीच चुकीची दिली होती. शारजाचे तीन दिवस मी टाकलेच नव्हते."

सरांनी हळू आवाजात एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"आठवड्याने."

"म्हणजे मी तिथेच होतो."

"हो सर. माझ्या शेजारीच बसत होतात."

ते रागावतील, ओरडतील, निदान घराबाहेर काढतील, असं तिला वाटत होतं. खरं तर तेच तिला हवं होतं. सरांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी आतल्या दिशेला हाक मारली, "सविता, जरा बाहेर ये." वहिनी पदराला हात पुसत आल्या. सर म्हणाले, "मुग्धा, हिला सांग. मला सांगितलंस तसंच, सगळं सांग."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं. मुग्धाने सांगितलं. फाईल, मेल, आठवडा, तीस दिवस, काही गाळलं नाही. आपल्या व्हिसाचं कारण मात्र तिने सांगितलं नाही, ते तिला तिथे उच्चारवेना.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पार बदलून गेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला काय काय बोलले हो. वेंधळे म्हणाले. पोरीसमोर म्हणाले. माझ्या भावासमोर म्हणाले."

"जाऊ दे गं."

"कसं जाऊ दे? तीन वर्षं रोज ऐकून घेतलंत माझं." त्या खुर्चीवर बसल्या. मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी सरांचा हात धरला. "त्या अबू धाबीवाल्यांना अजून कळवलं नाहीये ना? कळवू नका. हो म्हणा, ऐकताय ना?"

गुणवंत सरांनी दुसऱ्या हाताने बायकोचा हात थोपटला. "शुक्रवारीच कळवलं," ते म्हणाले. "त्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी दुसरा माणूस घेतलाही."

मुग्धा तिथेच उभी होती. तिला जा असं कुणी म्हटलं नाही, आणि बस असंही म्हटलं नाही.