उठवणं आणि उठणं

नलिनी दाणी नागपूरहून भोपाळला आली ती एकोणऐंशी साली. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्पितळात तिला फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती. वय सव्वीस, अंगात ताकद आणि स्वभावात घाई. हातपाय आखडलेला कसलाही कामगार असो, ती दोन महिन्यांत त्याला चालता करायची. त्यामुळे सहा नंबरच्या खाटेवरचा माणूस तिचं ऐकेना, याचा तिला फार राग आला होता.

तो माणूस म्हणजे रामिरो. पेरू देशातला इंजिनिअर, पन्नाशीचा. त्यांच्या धरणासाठी या कारखान्यात टर्बाइन तयार होत होतं, ते तपासायला तो आला होता. गेस्ट हाऊसच्या न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सोबतचे दोघं काम आटोपून मायदेशी गेले, इंग्रजी बोलणारा दुभाषाही त्यांच्याबरोबरच गेला. रामिरोला इंग्रजीतले 'टी', 'नो' आणि 'थँक्यू' एवढेच शब्द येत होते. त्यांतला 'नो' तो सगळ्यांत जास्त वापरायचा.

"या आठवड्यात उभा राहिला नाही, तर छातीत कफ भरेल," डॉक्टर म्हणाले. "पाय आखडेल तो वेगळाच."

नलिनीने कारखान्याच्या लायब्ररीतून स्पॅनिशचा एक छोटा शब्दकोश आणला. त्यात बघून एक वाक्य जुळवलं, रामिरोच्या काखेत हात घातले आणि ठणकावून म्हणाली, "यो लेवांतो!"

रामिरोने तिचे हात झिडकारले. खाटेची दांडी घट्ट धरून तो पुटपुटत राहिला, "मे काइगो, मे काइगो." मग भिंतीकडे तोंड करून पडला.

"छोड़ो दीदी," वॉर्डातल्या आया कमलिनीबाई म्हणाल्या. "साहब का मन नहीं है. कल देखेंगे."

नलिनीने ते दोन शब्द कागदावर लिहून घेतले. संध्याकाळी सायकल काढून ती इंद्रपुरीत भालचंद्र राजकारणेंच्या घरी गेली. हे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. मागच्या वर्षी खांदा आखडला म्हणून तिच्याकडे यायचे, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या एका वीजघराच्या उभारणीवर काढलेल्या दोन वर्षांच्या गोष्टी सांगायचे. त्यांना तिथली स्पॅनिश येत होती, पण गेल्या बारा वर्षांत ती बोलायला माणूसच मिळाला नव्हता.

"काय म्हणालीस तू त्याला?" त्यांनी विचारलं.

"यो लेवांतो. मी उठवते."

"अगं, त्याला वाटलं असेल, ही मला सिमेंटच्या पोत्यासारखं उचलणार!" भालचंद्रकाका हसले. "आणि तो काय म्हणाला?"

तिने कागद पुढे केला. काकांचं हसू मावळलं.

"मे काइगो. मी पडतो, असं म्हणतोय तो. घाबरलाय बिचारा."

नलिनीने कागद पुन्हा वाचला. तीन दिवस ती त्या माणसाला हट्टी समजत होती.

काकांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. "हे बघ. आपल्याकडे उठवणं वेगळं, उठणं वेगळं. बसवणं, बसणं. त्यांच्याकडे क्रियापद तेच. नुसतं 'लेवांतो' म्हणजे मी उठवते. आधी 'मे' लावला की 'मे लेवांतो', मी उठते. स्वतःच स्वतःला उठवायचं. बसायचं तर 'मे सिएंतो'."

"आणि 'तुम्ही उठता' कसं म्हणायचं?"

"उस्तेद से लेवांता. तो वडीलधारा आहे, त्याला अरेतुरे नको. 'मे' आपल्यासाठी, 'से' त्याच्यासाठी. पडत नाही तुम्ही, असं सांगायचं तर 'उस्तेद नो से काए'. म्हण बरं."

काकू पोहे घेऊन आल्या तरी धडा चालूच होता. ती निघाली तेव्हा काका तिला सोडायला फाटकापर्यंत आले आणि तिथेही त्यांनी तिच्याकडून एकदा सगळं म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीने रामिरोला हात लावला नाही. शेजारची खाट रिकामी होती, तिच्यावर ती बसली.

"मे सिएंतो," ती म्हणाली. मग उभी राहिली. "मे लेवांतो."

रामिरो मान वळवून बघू लागला. तिने आणखी दोनदा तसंच केलं. कमलिनीबाई दारात थांबून बघत होत्या. मग धीर करून नलिनी म्हणाली, "उस्तेद... उस्तेद मे लेवांता."

 रामिरोने स्वतःच्या बांधलेल्या मांडीकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि दोन्ही हातांनी तिला उचलल्याचा अभिनय केला. 'तुम्ही मला उचलता' असं ती म्हणून गेली होती! तो एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नलिनीलाही हसू आवरेना.

"से," तो बोट हलवत, मास्तरासारखा म्हणाला. "उस्तेद से लेवांता."

"उस्तेद से लेवांता," तिने म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "उस्तेद नो से काए."

त्याचं हसणं थांबलं.  मग तो कोपरांवर जोर देऊन उठून बसला, चांगला पाय खाली सोडला, दुसरा दोन्ही हातांनी सावरत आणला. नलिनीने वॉकर पुढे ठेवला. तिचे हात शिवशिवत होते, पण ती एका पावलाच्या अंतरावर नुसती उभी राहिली. त्याच्या कपाळावर घाम डवरला.

"मे लेवांतो," असं म्हणत तो उभा राहिला. मोजून दहा सेकंद.

त्यानंतर भालचंद्रकाका रोज चारच्या सुमाराला येऊ लागले. दोघं फोरमन-इंजिनिअर तासन्‌तास टर्बाइनवर बोलत. नलिनीची घाई कमी झाली. कुणाही पेशंटला हात लावायच्या आधी ती विचारू लागली, "तुम्ही उठता का? मी इथेच आहे."

रामिरोनेही तिच्याकडून मराठी उचलली. पाचव्या आठवड्यात तो काठी टेकत पहिल्यांदा व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी चालते!"

सगळा वॉर्ड हसला. "चालतो," नलिनी म्हणाली. "तुम्ही पुरुष आहात. मी म्हणणार 'चालते', तुम्ही म्हणायचं 'चालतो'."

"आणि आम्ही म्हणणार," काका म्हणाले, "तुम्ही चालता."

रामिरोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मान हलवली, आणि काठी पुढे टाकून उन्हाने तापलेल्या बागेच्या पायरीकडे निघाला. पायरी उतरताना त्याने कुणाचाच हात मागितला नाही.