पंधरा जेवणांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, पण शाळेतली नव्हे. माझ्यावर कुणी बाराखडी गिरवली नाही की पाढे लिहिले नाहीत. मी जेवणाची पाटी. आज जेवायला काय आहे एवढेच माझ्यावर लिहिले गेले आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसले गेले. मित्रांनो, रोज पुसल्या जाणाऱ्याला पुढे पुढे फारसे काही वाटेनासे होते. तेव्हा माझे बोलणे कोरडे वाटले तर रागावू नका.

कुठल्याशा खाणीतून माझा काळा दगड निघाला. कारागिराने तो पातळ चिरला, घासून गुळगुळीत केला आणि सागवानी चौकटीत बसवला. मुंबईच्या बंदरात एका प्रवासी बोटीसाठी मला विकत घेतले आणि जेवणघराच्या दाराशी टांगले. ही बोट मुंबईहून आफ्रिकेला जाई आणि परत येई. वीस वर्षे मी बोटीवर होते, पण समुद्र पाहिला नाही. माझ्यासमोर भिंत होती.

बोटीच्या भटारखान्यात देवजी नावाचा स्वयंपाकी होता. जव्हारजवळच्या एका गावचा. घरची भातशेती भावांवर सोडून तो पोरवयातच मुंबईला आला आणि बोटीवर चढला. चार इयत्ता शिकलेला होता, म्हणून माझ्यावर लिहायचे काम त्याच्याकडे आले.

बोटीवर दोन तऱ्हेचे प्रवासी असत. एकदाच येणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे. एकदाच येणारे मला वाचून खूश होत. पुन्हा येणारे मात्र अवघड. त्यांत आफ्रिकेत दुकाने असलेले व्यापारी असत, आणि काही श्रीमंत मंडळी तर नुसती हवापालटासाठी दरवर्षी बोटीने एक चक्कर मारून घरी जात. त्यांना दिवसभर दुसरे काम काय? दोन वेळा जेवायचे. त्यामुळे सगळा जीव त्या दोन ताटांत.

वर्षातून चार वेळा येणारे एक म्हातारे शेठ होते. एकदा ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "देवजी, आज मंगळवार. म्हणजे भोपळा. आणि शेवटी केळ्याची खीर. बोल, चुकलो?"

"नाही, शेठजी."

"मग ही पाटी कशाला टांगलीस? माझ्याच गळ्यात टांग की."

लोक हसले. देवजी हसला नाही. त्याचा जेवणांचा फेरा चौदा दिवसांचा होता, म्हणून तोच पदार्थ पुन्हा त्याच वाराला येई. नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो पाठ झाला होता. देवजीने फेऱ्यात एक जेवण वाढवले आणि चौदाचे पंधरा केले. आता भोपळा एकदा मंगळवारी आला की पुढच्या खेपेला बुधवारी. एक जेवण कमी करूनही हे जमले असते, पण तेरा दिवस आपल्याकडे कशाचे असतात हे तुम्हाला माहीत आहे. देवजीने तेराचे नाव काढले नाही.

त्याची आणखी एक रीत होती. जेवण कसे झाले हे तो कुणाला विचारत नसे. तो भटारखान्याच्या दाराशी उभा राही आणि परत आलेली ताटे बघे. विचारले तर लोक बरे म्हणतात. ताट खोटे बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या पदार्थाची ताटे भरलेली परत येत, तो पुढच्या फेऱ्यातून जाई. शेठजींनी नंतर पाच खेपा केल्या. वार सांगायचा खेळ त्यांनी सोडून दिला.

महायुद्ध संपले आणि बोट मोडीत निघाली. देवजीने मला मागून घेतले. आम्ही दोघे जव्हारला आलो. तिथे संस्थानाच्या पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर होते, त्यात देवजीला काम मिळाले. पाहुणे तेच ते असत, शिकारीला येत, थंड हवेला येत. पंधरा जेवणे इथेही चालली. माझे कौतुक झाले. पाहुणे आपल्या बायकांना म्हणत, "बघा, इथे रोज वेगळे असते. नाहीतर आपल्याकडे."

मग अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झाले. पाहुणे यायचे थांबले. तांब्याची पातेली एका खोलीत उपडी घातली आणि मला तोंड भिंतीकडे करून त्यांच्यामागे ठेवले. चार वर्षे. या चार वर्षांबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

देवजी मला न्यायला आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. खोडाळ्याकडे डोंगरातल्या मुलामुलींसाठी एक वसतिगृह निघाले होते आणि तिथे त्याला स्वयंपाक्याची जागा मिळाली होती. मोटारीत त्याने मला मांडीवर धरले. शेजारच्या माणसाने विचारले, "मास्तर का तुम्ही?" देवजी म्हणाला, "नाही. आचारी."

वसतिगृहात चाळीस मुले होती. पाणी भरायला आणि दळायला धोंडीबाई नावाची बाई होती. तिचे खोपट शेजारीच होते. मला चुलीजवळच्या खांबाला टांगले. देवजीने नागली म्हणजेच नाचणी, वरई, तांदूळ, उडीद, चवळी, कुळीथ, तांबडा भोपळा, सुके बोंबील, खुरासणीची चटणी असे सगळे मनात मांडले, आणि एवढ्यातून पंधरा जेवणे काढली. वसतिगृह चालवणारे गुरुजी चकित झाले. ठाण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी मला वाचले आणि म्हणाले, "अहो, आमच्या घरी एवढे होत नाही." देवजीने फडके खांद्यावर टाकले आणि खाली बघितले. तो खूश झाला की असे करी.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र इथे बोटीसारखी नव्हती. इथे मुले आपापली ताटे स्वतः ओढ्यावर नेऊन घासत. परत आलेले ताट देवजीला दिसतच नसे. त्याला दिसे ते धुतलेले, चकचकीत ताट. त्याला वाटे, सगळे झकास चालले आहे.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सूर्यमाळची सुकी आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव बुधी, वय सातेक. सुकी एकटीच होती, दुसऱ्याच्या शेतावर कामाला जाई. पावसाळ्याचे चार महिने डोंगरावर धान्याच्या कणग्या रिकाम्या असतात. पोर इथे राहिली तर निदान दोन वेळा जेवेल, एवढाच तिचा हिशोब होता. तिने बुधीला ओसरीवर बसवले, माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "यावर काय लिव्हलंय?"

"आजचं जेवण," धोंडीबाई म्हणाली. "रोज येगळं असतं इथं."

"रोज?" सुकी म्हणाली. "मंग बरं झालं." आणि मागे न बघता गेली. मागे बघितले तर पोर उठते, हे तिला माहीत होते.

बुधी पंगतीत कडेला, सोनी नावाच्या मोठ्या मुलीशेजारी बसे. समोर आलेले ताट बघे. बोटाने जरासे हलवे, फार तर एखादा घास घेई. मग मुले उठली की तीही उठे आणि ओढ्यावर जाई. मी खांबावरून हे बघत होते. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. मला तोंड नाही. देवजी भोपळ्याची फोडणी बदलत होता.

मृग संपता संपता माळावर कवळी उगवली. लांब पात्यांची ही रानभाजी डोंगरातल्या लोकांच्या फार आवडीची. देवजीने ती लहानपणी खाल्ली होती. पंधरा जेवणांत एक ताजे जेवण वाढले, या आनंदात त्याने टोपलीभर भाजी आणवली, चवळी घालून शिजवली आणि माझ्यावर ठळक अक्षरात लिहिले.

त्या दिवशी पंगतीत कुणी हात लावला नाही. चाळीस ताटे तशीच. मुले मांडीत हात घालून बसून राहिली.

"काय रे, तिखट झाली का?" देवजीने विचारले.

धोंडीबाई पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाली, "देवजीदादा, तुमी बोटीवर राहून सगळं इसरलं का काय? गावात अजून कवळी देवाला दाखवली नाय. त्याच्याआधी कशी खातील? घरी आईबापाला दुखणं येईल म्हणून भ्यायलीत ती."

देवजी खालीच बसला. ही रीत त्याच्या आजीचीही होती. तीस वर्षांत ती त्याच्या डोक्यातून पार निघून गेली होती.

"उचला ताटं," तो म्हणाला. "मी भात टाकतो."

तो स्वतः ताटे उचलू लागला. वीस वर्षे बोटीवर बघितली तशी ती भरलेली ताटे तो एकेक बघत होता. बुधीपाशी आल्यावर धोंडीबाई म्हणाली, "बाकीच्यांनी आज नाय खाल्लं. ही तर रोजच नाय खात."

"रोज म्हणजे?"

"ओढ्यावर कुत्र्याला घालते. मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल."

देवजीने बुधीच्या दंडाला हात लावला. बोटे त्याभोवती सहज जुळली. त्याने गुरुजींना बोलावले. गुरुजींनी तिला बघितले आणि सूर्यमाळला निरोप धाडला.

सुकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. गुरुजी चांगले माणूस होते, पण घाबरले होते. ते म्हणाले, "बाई, हिला घेऊन जा. इथे काही बरेवाईट झाले तर?"

"घरी नेऊन काय घालू, गुरुजी?" सुकी म्हणाली. आवाज चढवला नाही. "कणगी झाडून पीठ काढलं होतं, तेबी सरलं. मी कांजीच्या पाण्यावर हाय. हितं खात नाय, तिथं मिळत नाय. तुमीच सांगा कुठं ठेवू."

तेव्हा देवजीने जे तीस वर्षांत कुणाला विचारले नव्हते ते विचारले.

"ही घरी काय खाते?"

"आंबील."

"आणि?"

"आणि काय? नागलीची आंबील."

"रोज तीच?"

"असली म्हंजे रोज."

देवजी उठला. आंबील केली. ताक घातले, जिरे घातले, वर कोथिंबीर टाकली. जव्हारच्या पाहुण्यांनी वाटी चाटली असती अशी झाली. बुधीने वास घेतला आणि वाटी सरकवली.

"असली नाय," सुकी म्हणाली. "सरका तुमी."

धोंडीबाईने घरून आंबवलेल्या पिठाचे मडके आणले. सुकीने ते पाण्यात कालवले, चुलीवर ढवळत शिजवले, मीठ टाकले. दुसरे काही नाही. देवजी आचारी होता तरी बाजूला उभा राहून बघत राहिला. बुधीने वाटी दोन्ही हातांत धरली आणि संपवली. मग आणखी अर्धी.

"का गं, हितलं का नाय खात?" सुकीने विचारले. "एवढं चांगलं करतेत."

बुधी वाटीकडे बघत म्हणाली, "रोज येगळंच असतं. रोज नव्या घरी पाहुनी आल्यावानी."

गुरुजी उपरण्याने चष्मा पुसत राहिले.

"चार दिवस द्या मला, गुरुजी," देवजी म्हणाला. "चार दिवसांत नाही खाल्लं तर मीच पोचवतो तिला."

सुकी संध्याकाळच्या आत डोंगर चढायला निघाली. जाताना धोंडीबाईने तिच्या पदरात नागलीचे पीठ बांधले. या वेळी सुकीने वळून बघितले. बुधी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी देवजीने मला पुसले, अगदी वर 'नागलीची आंबील' असे लिहिले आणि त्याखाली त्या दिवसाचे जेवण. सुकीसारखीच आंबील केली. बुधीने अर्धी वाटी घेतली. तिसऱ्या दिवशी त्याने फडके फिरवले ते वरच्या ओळीखालून. ती ओळ तशीच ठेवली. चौथ्या दिवशी तिने वाटी संपवली, आणि गुरुजींनी सुकीला पुन्हा निरोप धाडला नाही.

बाकीच्या मुलांची पंधरा जेवणे चालूच राहिली. कवळीही शिजली, गावोगावी देवाला दाखवून झाल्यावर. माझा खालचा भाग रोज पुसला जाई, रोज भरे. वरची ओळ आषाढभर राहिली, श्रावणभर राहिली, भादव्यातही राहिली. अक्षरे पुसट झाली की देवजी त्यांच्यावरूनच पुन्हा खडू फिरवी. मी बदलण्यासाठी केलेली वस्तू. एकच ओळ इतके दिवस अंगावर असल्याचा मला आनंद झाला असे म्हणवत नाही. पण तेवढ्या जागेला फडके लागत नव्हते, हे कळत होते.

आश्विनात एका दुपारी वरईचा भात आणि भोपळा होता. बुधीने आपली आंबील संपवली. मग सोनीच्या ताटाकडे बघितले, बरेचदा बघितले, आणि हात लांब करून तिच्या ताटातला एक घास उचलला. सोनी म्हणाली, "अगं, माग की. देवजीमामा देतील." बुधीने नाही म्हणून मान हलवली, आणि दुसरा घासही तिथूनच उचलला.

धोंडीबाईने देवजीला कोपराने ढोसले. "बघितलं का? आता पुसा ती वरची ओळ."

"राहू दे," देवजी म्हणाला. "उद्या परत आंबीलच हवी झाली तर?"

देवजीने ती ओळ कधीच पुसली नाही. तो म्हातारा होऊन गावी गेला. नव्या आचाऱ्याला पाटीची गरज वाटली नाही. आता मी कोठीच्या खोलीत पोत्यांमागे आहे, एक कोपरा फुटलेला. कधी पाल अंगावरून जाते. मला माझ्यासाठी काही मागायचे नाही.

मित्रांनो, मागायचे आहे ते एवढेच. तुमच्या शेजारी, वर्गात डबा खाताना किंवा घरच्या पंगतीत, एखादे मूल ताट नुसते हलवत बसले असेल. त्याच्यासाठी नवीन काय करावे याचा विचार मागाहून करा. आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तू घरी काय खातोस. ते सांगेल. मग ते त्याला द्या, आणि दुसऱ्या दिवशीही तेच द्या.