लॉइडची साखळी

"टोपी काढ लॉइड," मी म्हणालो. "रेफरी इकडंच बघतोय."

लॉइडनं टोपी काढली. कॉलेजच्या लाल अक्षराची कोरी टोपी; त्याच्या बायकोनं, मार्लिसनं, खास आजच्यासाठी आणलेली. ती खिशात कोंबून त्यानं साखळीची काठी हातात घेतली. स्टँडमध्ये मार्लिसनं शेजारच्या रिकाम्या जागेवर घोंगडी टाकून ठेवली.

आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून धडका देत पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. दहा यार्ड झाले की नाही, हे दोन काठ्यांना बांधलेली साखळी सांगते. ती सांभाळायचं काम मी, लॉइड आणि व्हर्जिल असं तिघांचं. आधी वर्षानुवर्षं गावच्या शाळेत केलं, यंदापासून कॉलेजात. साखळीवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नाही. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, संघाची टोपी घालायची नाही. व्हर्जिल तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, मी खोकल्याच्या आडून शिव्या घालतो. लॉइड मात्र मख्ख. त्याचा पोरगा कर्ट शाळेत मैदान गाजवायचा तेव्हाही तसाच. मला तर त्याचा रागच यायचा.

आमच्या कॉलेजच्या मुख्य संघाचा हा पहिलाच हंगाम. दोन वर्षं पोरं सरावाचे सामने खेळली, यंदा खऱ्या संघांशी गाठ पडली आणि जिथं तिथं मार खाल्ला. एक सामना जिंकला असेल तर शपथ. धान्याच्या कोठारावर लॉइडला लोक विचारायचे, "काय, या शनिवारी कितीनं हरणार?" कर्टचं शेवटचं वर्ष. मोठ्या विद्यापीठात बाकावर बसून राहण्यापेक्षा गावच्या संघात खेळतो म्हणून तो परत आला होता. आजचा त्याचा शेवटचा सामना. पुढं त्याला कोण खेळवणार होतं?

आठवड्यापूर्वी आमच्या देखत तो बापाला म्हणाला, "डॅड, एकदा तरी स्टँडमध्ये बसा. माझ्या नावानं ओरडा. एवढं एकदाच करा."

"आणि काठी कोण धरणार?"

"माझा मेव्हणा आहे की," व्हर्जिल म्हणाला. "आयतं खातोय लेकाचा, धरेल काठी."

लॉइडनं शब्द दिला.

पण आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, हे आम्ही तिघंही विसरलो. आम्ही! आमच्या गावात त्या दिवशी लग्नसुद्धा ठरवत नाहीत. मेव्हणा उजाडायच्या आत जंगलात गेला होता आणि पूर्वी कधी साखळी धरलेले बाकीचे गडीही तिकडंच. शेवटच्या वर्षाच्या पोरांचे आईबाप सामन्याआधी त्यांना मैदानाच्या मध्यापर्यंत नेतात. लॉइड आणि मार्लिस कर्टला घेऊन जाऊन आले आणि तेवढ्यात प्रशिक्षक धावत आला. तिसरा माणूस नाही तर सामना सुरू होणार नाही.

"सुरुवातीपुरतंच," लॉइड मुलाला म्हणाला. "येईल कुणीतरी."

 कर्ट हेल्मेट चढवून गेला. त्यानंतर कुणीही आलं नाही.

पोरं मात्र त्या दिवशी जीव तोडून खेळली. शेवटच्या मिनिटाला आम्ही फक्त चार गुणांनी मागं होतो. शेवटचा प्रयत्न, तीन यार्ड हवे होते. चेंडू कर्टकडं आला, तो आम्ही उभे होतो त्या कडेनं पळाला आणि तिघांनी त्याला लॉइडच्या पायाशी आडवं केलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ऐकला नसता तर बरं झालं असतं.

"डॅड," कर्ट म्हणाला.

लॉइड अर्धं पाऊल पुढं झाला.

"काठी!" रेफरी ओरडला. लॉइड थांबला; काठी हलली असती तर माप गेलं असतं.

डॉक्टर आले, गाडी आली. मार्लिस स्टँड उतरून धावत आली आणि गाडीत चढली. "जा ना रे," मी लॉइडला म्हणालो, "आम्ही बघतो."

"दोघांना नाही जमणार," तो म्हणाला.

गाडी गेली. मग साखळी मैदानात नेऊन ताणली. पुढची काठी लॉइडनंच रोवली. चेंडू दोन बोटं अलीकडं होता. समोरच्यांनी चेंडू घेतला, पुढं न पळता नुसते गुडघे टेकून उरलेला वेळ काढला आणि लॉइड शिट्टी होईपर्यंत उभा राहिला.

मी त्याला माझ्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं.  कर्टचा पाय बांधून उंचावर ठेवला होता.

"डॅड, पोचलो होतो का मी?"

मार्लिसनं नवऱ्याकडं पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, खोटं बोल.

"पोचलास," लॉइड म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. पण त्याचा उजवा हात चादरीवर होता आणि अंगठा नि बोट अजून चेंडू कमी पडला होता तेवढंच अंतर धरून होते. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. कर्टनं बापाच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, हाताकडं पाहिलं.

"एवढंच कमी?"

लॉइडनं खाली पाहिलं. "एवढंच," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

कर्टनं ती बोटं आपल्या मुठीत घेतली. मी ट्रकची किल्ली शोधत बाहेर आलो.