बावीस मिनिटे

"अहो, लाईट घालवू नका हो! दहा मिनिटं थांबा फक्त!"

फोनवरच्या बाईंना धाप लागली होती. घड्याळकाकांनी भिंतीकडे पाहिले. दहाला तीन मिनिटे कमी. दहाच्या ठोक्याला पाच नंबरचा फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, दुरुस्तीसाठी बंद करायचा होता. तिकडे खांबाखाली लाइनमन शिड्या टेकवून उभे होते.

सबस्टेशनच्या या खोलीत त्यांना बसून एकतीस वर्षे झाली होती. घड्याळकाका हे नाव लाइनमन लोकांनीच ठेवलेले. काटा ठरल्या जागी टेकायचा आणि यांचा हात स्विचवर पडायचा. एका मिनिटाचा फरक नाही. फोन यायचे ते लाईट गेल्यानंतर, आणि बहुतेक शिव्या द्यायलाच. लाईट जाण्याआधी फोन करणारे माणूस आज पहिल्यांदाच भेटत होते.

"मेसेज कालच पाठवला होता सगळ्यांना," ते म्हणाले. प्रत्येक वाक्य ते आधी मनात जुळवून घेत, तरी तोंडातून निघताना ते तुटकच निघे.

"वाचला हो. म्हणूनच तर लॅपटॉप आधीच बंद करायला गेले. तर त्यानं आपलं आपणच काहीतरी सुरू केलं! काळा पडदा, खाली एक पट्टी. फर्मवेअर अपडेट होतंय, वायर काढू नका, बंद करू नका, असं लिहिलंय."

"बॅटरीवर चालेल की."

"बॅटरी नावाला आहे. चाळीस टक्के दाखवते आणि वायर निघाली की लगेच मान टाकते. दुरुस्तीवाल्यानं मागेच बजावलं होतं, हे अपडेट चालू असताना लाईट गेली तर मशीन पुन्हा उठायचं नाही. आतला बोर्डच बदलावा लागेल, आणि या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही म्हणे."

"काही महत्त्वाचं आहे का त्यात?"

"माझा भाऊ त्याच्यावरून बोलतो हो. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून वाचा गेलीय त्याची. एका बोटानं टाइप करतो, मशीन बोलून दाखवतं. आवाज बाईचा आहे. पण त्याला तोच आवडला. म्हणतो, तुझ्यापेक्षा बरा आहे." त्या हसल्या. "इथंच बसलाय. पट्टीकडे बघतोय नुसता."

काटा दहावर टेकला. सवयीने घड्याळकाकांचा हात उठला, स्विचपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"किती झालंय?"

"एकोणतीस टक्के."

खिशातला मोबाइल वाजला. लाइनमनच्या टोळीचा फोरमन होता.

"काय घड्याळकाका, किल्ली द्यायची राहिली का आज?"

"थोडं थांबा. लाइन चालू आहे. मी सांगितल्याशिवाय खांबाला कुणी हात लावायचा नाही."

"ते कळलं हो. पण कारण काय?"

"कारण आहे. रजिस्टरमध्ये लिहितो मी."

"पोरं उन्हात उभी आहेत इथं."

"सावलीत बसवा. जबाबदारी माझी."

आपण असे काही बोललो याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. एकतीस वर्षे जबाबदारी कागदाची होती. वरून कागद यायचा, त्यावर वेळ असायची, आणि त्या वेळेला ते काम करायचे. त्यांनी मोबाइल ठेवला आणि रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "चव्वेचाळीस." मग रडवेल्या होऊन, "हलतच नाहीये हो!"

"थांबत थांबतच जाते ती पट्टी. हात लावू नका." त्यांना त्यातले काही कळत नव्हते. धीर द्यायला बोलले, आणि उगाच बोललो की काय, असे लगेच वाटून गेले.

"तुमच्याकडून घूं घूं असा आवाज येतोय."

"ट्रान्सफॉर्मर आहे. दिवसभर असतो."

"त्रास नाही होत?"

"घरी गेल्यावर होतो," ते म्हणाले. "तिथं तो नसतो ना."

बाई हळूच म्हणाल्या, "साठ."

पट्टी एक्क्याण्णववर असताना फोरमनचा पुन्हा फोन आला. "साहेबांना कळवू का?"

"कळवा."

दहा वीसला पट्टी भरली आणि बाई ओरडल्या, "गेलं! सगळं काळं झालं!"

घड्याळकाका सेकंदकाट्याकडे बघत राहिले. अर्धी फेरी. पाऊण. मग पलीकडे, लांबून आल्यासारखी, छोटीशी धून वाजली.

"उठला! अरे, उठला बघ!" हे भावाला होते.

"नीट बंद करा," ते म्हणाले. "वायर काढा. मग सांगा."

"काढली. अहो, तुमचे उपकार..."

"ठेवतो," असे म्हणून त्यांनी खरोखरच फोन ठेवला. बाईंचे वाक्य पुरे होऊ द्यायला हवे होते, हे त्यांना ठेवल्यावर सुचले. कुणी गोड बोलू लागले की त्यांचे असेच व्हायचे.

दहा बावीसला त्यांनी स्विच फिरवला. बाहेर आवारात ब्रेकर धाडकन उघडला आणि फीडर बंद झाला. पुढचे सगळे सोपस्कार झाले, फोरमनला परवानगी दिली, आणि ते रजिस्टर पुढे ओढून बसले. 'उशिराचे कारण' हा रकाना त्यांनी आजवर कधी भरला नव्हता. पेन बराच वेळ हातात राहिले. मग त्यांनी लिहिले, 'एका ग्राहकाचे बोलणे बंद पडू नये म्हणून.' वाचून पाहिले. साहेबांना ते खुळचट वाटेल, हे उघड होते. तरी खोडले नाही.

काम संपायला एक वाजला. फीडर चालू केला, दिवे लागले. लाईट आल्यावर कुणी फोन करत नाही. म्हणून त्यांनी डबा उघडला.

आणि फोन वाजला.

"हॅलो?"

कुणी बोलले नाही. टक. जरा वेळाने पुन्हा टक. चुकून लागला असेल, असे समजून ते ठेवणार होते, तेवढ्यात एक स्वच्छ, सपाट, बायकी आवाज भलत्याच जागी थांबत म्हणाला, "लाईट. आली."

"हो," घड्याळकाका उठून उभे राहिले. "आली ना? बरं झालं."

टक. टक. टक. या वेळी फार वेळ गेला. त्यांनी ठेवला नाही.

"तुम्ही तिथे. एकटेच असता. का."

त्यांनी तोंड उघडले. हो म्हटले तरी चालले असते. पण नुसते हो पुरेसे नव्हते, आणि पुढचे वाक्य काही केल्या जुळेना. उगाच काहीतरी बोलून फोन ठेवायची जुनी सवय जिभेपर्यंत आली आणि परत गेली.

पलीकडची टकटक थांबली होती. घाई कुणालाच नव्हती. बोलायला वेळ लागतो, हे तिकडच्या माणसाला पुरते ठाऊक होते.

घड्याळकाकांनी पायाने खुर्ची जवळ ओढली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि बसले.