पांढरी लव

प्रदर्शन उघडायला जेमतेम तास होता. फ्रीगंजातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तेजस्विनी आपल्याच फोटोसमोर उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर तीच होती, मागे नदीवरच्या राम घाटाच्या पायऱ्या, वर सकाळचं आभाळ. पण डोकं? उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत!

दोन वर्षांपूर्वी तिला चाई पडली होती. आधी रुपयाएवढी, मग बघता बघता सगळं डोकंच उघडं पडलं. थोरल्या भावाने, केदारने, तिला आपल्या स्टुडिओच्या काउंटरवरून उठवलं, डोक्याला ओढणी बांधायला लावली आणि आत कॉम्प्युटरवर बसवलं. "कस्टमर बिचकतात गं, जरा समझा कर." म्हणजे समजून घ्यायचं तेही हिनेच! बसली बापडी लोकांच्या नवऱ्यामुलींचे फोटोतले केस चमकवत.

आणि या फेब्रुवारीत केस आले. काळे नाहीत, पांढरी लव नुसती, जावळासारखी. तिने कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना एकदम दाखवायचं, तेही भिंतीवर टांगून, असं तिने मनाशी पक्कं केलं.

एका सकाळी स्टुडिओचा कॅमेरा घेऊन ती घाटावर गेली, ट्रायपॉड लावला, ओढणी सोडली. सूर्य पाठीमागे. आभाळ धरावं तर चेहरा काळा, चेहरा धरावा तर आभाळ फटफटीत आणि लव त्यात गडप. म्हणून रिमोटने लागोपाठ तीन फोटो घ्यायचे, कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे, आणि नंतर तिन्ही एकात मिसळायचे. तोवर हलायचं नाही. नेमकं तेव्हाच, घरात कुणी वारलं म्हणून हिने केस उतरवलेत असं समजून, एका पंडाजींनी विचारलं, "कौन शांत हुआ, बेटा?"

"कोई नहीं, महाराज! आप अपना काम करो," ती फणकारली. तिन्ही फोटो पुन्हा काढावे लागले.

असे फोटो मिसळले की माणसाच्या कडेने पांढरट किनार उमटते. तिला हॅलो म्हणतात, आणि ती दिसली की काम नवशिक्याचं ठरतं. तेजस्विनीने चार दिवस खपून खांद्यावरची, कानाजवळची किनार पुसली आणि डोक्यावरचा एकेक केस राखला. फाइल छापायला केदारकडे दिली, तिथेच घात झाला.

केदार हारांची पिशवी घेऊन आत आला.

"दादा, माझ्या फोटोला हात कुणी लावला?"

"मीच. डोक्याभोवती केवढा हॅलो ठेवला होतास! खाली स्टुडिओचं नाव आहे, नाक कापलं असतंस माझं."

"मूळ फाइल कुठंय?"

"त्याच्यावरच सेव्ह केली. कार्ड एका लग्नासाठी खाली केलं. एवढं काय त्यात? पुन्हा काढ, दहा मिनिटांचं तर काम."

"तो हॅलो नव्हता."

"मला शिकवतेस? वीस वर्षं आहे मी या लाइनीत!"

तिने ओढणी ओढून काढली, त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा पंजा आपल्या डोक्यावर दाबून धरला. "लागतंय काही हाताला? हा बघ तुझा हॅलो!"

खुर्च्या मांडणारे दोघे जागीच थांबले. केदारने हात ओढून पाहिला, ती सोडेना.

"मग सांगायचं नाही का?" तो चिडून म्हणाला. "ओढणीखालचं मला कसं दिसणार?"

"आणि ओढणी बांधायला कुणी लावली?"

 तिची पकड सैल झाली तरी त्याचा हात तिथेच राहिला. बोटं जराशी हलली.

"मऊ आहेत गं," तो म्हणाला.

"तुला विचारलं नाही." तिने तो हात झटकून टाकला, फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि त्याच्या छातीशी कोंबली. "ही घेऊन जा. पाहुणे यायच्या आत."